दादाचे डोळे आणि माझी प्रयोगशाळा

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पण तुमच्या चष्म्याचा नंबर मला काढता येत नाही. निवृत्त होऊन हैदराबादहून परभणीला राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे, की दारावरच्या पाटीवर नावाखाली तेच लिहून घ्यावं असं कधीकधी वाटतं. सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी थांबवतं, खालची पापणी बोटानं ओढून डोळा पुढे करतं आणि विचारतं, "म्याडम, बघा बरं, लाल दिसायलाय का?" दिसतो लाल. पण त्यात कुठले थेंब घालायचे ते सांगायचा मला अधिकार नाही. मग ते माणूस माझ्याकडे जरा संशयानं बघतं. जन्मभर डोळ्यांचंच काम केलं म्हणते, आणि साधा लाल डोळा हिला कळत नाही!

माझी डॉक्टरकी संशोधनाची. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. तिथे रुग्ण यायचे नाहीत, त्यांच्या पेशी यायच्या.

काम काय होतं ते सांगते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, रेटिना. बाहेरचा उजेड त्याच्यावर पडतो, आणि त्यातल्या पेशी तो टिपून मेंदूकडे पाठवतात. या पेशींच्या मागे काळसर पेशींचा एक थर असतो. तो पुढच्यांना खाऊपिऊ घालतो, त्यांचा कचरा उचलतो. काही माणसांत हा संसार जन्मापासूनच बिघडलेला असतो. पेशी एकेक करून मरत जातात आणि मेलेली पेशी परत येत नाही. आम्ही बशीत नव्या पेशी वाढवायचो आणि त्या पडद्यामागे सोडल्यावर रुजतात का ते बघायचो. माझ्या नोकरीची पहिली बरीच वर्षं यात गेली. पुढची अश्रूंच्या ग्रंथींत गेली.

लोक विचारतात, हाच विषय का घेतला? मुलाखतीत द्यायचं उत्तर वेगळं होतं. खरं उत्तर माझा थोरला भाऊ मारोती. आमचा दादा.

आमचं घर मेंढरांचं. पोखर्णीच्या अलीकडे गाव, थोडी कोरडवाहू जमीन आणि कळप. दादा लहानपणापासून मेंढरांमागं. दिवसभर त्याला काही अडचण नसायची. दिवस मावळायला आला की मात्र तो बांधावर अडखळायचा, बाभळीच्या फांदीवर जाऊन आदळायचा. वडील म्हणायचे, ध्यान नाही पोराचं. रातांधळेपणा आहे म्हणून कुणी गाजर खायला सांगितलं, कुणी शेवग्याचा पाला. दादानं दोन्ही खाल्लं. पुढे दिवसाही त्याचं दिसणं कडेकडेनं बुजत गेलं. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. शेवटी शेवटी तर बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच उरलं. मी परभणीला कॉलेजात होते, तेव्हा तो मला एसटी स्टँडवर सोडायला यायचा, आणि परत जाताना एखाद्या गाववाल्याच्या खांद्यावर हात ठेवून जायचा. आजाराचं नाव मला पुढं हैदराबादला शिकताना पुस्तकात सापडलं. वाचता वाचता दादाच्या चालण्याचं वर्णन छापलेलं दिसावं तसं झालं. शेवटची ओळ होती, की यावर उपचार नाही. तेव्हा मी विषय ठरवला.

घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "मंगू, तू शिकायलीस ते माझ्यासाठी शिकू नको. तुझं तू शीक. मधी माझं काम झालं तर झालं."

पेशी वाढवणं हे लहान बाळ सांभाळण्याचं काम आहे. ठरावीक ऊब लागते, ठरावीक वेळी खायला घालावं लागतं, आणि आपण सणाला गावी गेलो की नेमक्या तेव्हाच त्या आजारी पडतात. बुरशीचा एक कण शिरला की महिन्यांची मेहनत कचऱ्यात. आमच्या काळसर पेशी वाढल्या, की बशीत फरशी बसवल्यासारख्या दिसायच्या, एकीला एक चिकटून. मी सूक्ष्मदर्शकातून उगाच बघत बसायचे. आमच्या गटाचे प्रमुख सर म्हणायचे, त्यांना नजर लागेल तुमची.

उंदरांची एक जात असते, जी जन्मल्यावर हळूहळू आंधळी होते. त्यांच्या एका डोळ्यात आम्ही त्या पेशी सोडल्या. उंदराला दिसतं की नाही हे त्याला विचारता येत नाही. म्हणून त्याला मधल्या ओट्यावर ठेवून भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिंप फिरवतात. पट्टे दिसत असतील तर उंदराची मान त्यांच्यामागं वळते. त्या दिवशी मी पिंपाशी उभी होते, आणि ती इवलीशी मान वळली. थांबली. पुन्हा वळली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन गावात फोन लावला. दादाला बोलावून आणेपर्यंत धरून राहिले.

"दादा, उंदराला दिसलं!"

तो म्हणाला, "मंगू, आपल्या घरात उंदीर काय कमी हायत? त्यांलाच कामून डोळे द्यायलीस आधी?"

मागं वहिनी हसलेली ऐकू आली. मीही हसले. पण फोन ठेवताना त्यानं हळूच विचारलं, "माझा नंबर कधी लागंल?"

त्यानंतर प्रत्येक फोनवर तो हे विचारायचा. कधी थट्टेनं, कधी नुसता मध्येच थांबायचा आणि मला कळायचं. नंबर लागत नव्हता. उंदरांतल्या पेशी काही महिन्यांनी मरायला लागल्या. शरीर परक्याला ओळखतं आणि हाकलून लावतं. मग त्यावर औषधं, औषधांचे त्रास, पुन्हा नव्यानं सगळं. दरम्यान बातमी कुठंतरी छापून आली आणि लोक माझा पत्ता काढत यायला लागले. एकदा पूर्णेहून रेल्वेतले एक ट्रॅकमन मुलीला घेऊन थेट रुग्णालयाच्या फाटकावर आले. म्हणाले, "ताई, माझा एक डोळा काढा आन् पोरीला बसवा. मला एकानं भागतंय." मी त्यांना समजावलं, की अख्खा डोळा बदलता येत नाही. त्याला मेंदूशी जोडणारी जी जाड शीर असते, ती एकदा कापली की अजून कुणालाच सांधता आलेली नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही दिले तर?"

मी त्यांना चहा पाजला, दुसरं काही हातात नव्हतं. गाडीची वेळ झाली तेव्हा ती मुलगी माझा हात चाचपत म्हणाली, "येते म्याडम." आजही पूर्णा स्टेशनवर गाडी थांबली की मी खिडकीतून फलाटावर तिला शोधते.

पुढं आमच्याकडे माणसांवरच्या छोट्या चाचणीची तयारी सुरू झाली. निवड करणारे डॉक्टर वेगळे होते, माझा त्यात शब्द चालणार नव्हता, आणि तेच बरोबर होतं. मी फक्त दादाला तपासणीला या म्हणून कळवलं. तो आणि वहिनी परभणीहून गाडीत बसून आले. दादा तोवर पूर्ण अंधारात गेला होता. अंगात नवा सदरा, डोक्याला नवा फेटा. वहिनीनं भाकरी, लसणाची चटणी आणि माझ्यासाठी खव्याचे पेढे बांधून आणले होते. दिवसभर त्याला या यंत्रापुढून त्या यंत्रापुढं बसवलं. डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले, उजेडाचे झोत टाकले. तो कुणालाही "उजेड आला का?" असं विचारायचा, म्हणजे डॉक्टरांनी त्याला विचारायच्या आधी तोच त्यांना विचारायचा.

निकाल मला संध्याकाळी कळला. पडद्यातल्या नुसत्या मागच्याच नाही, पुढच्या पेशीही गेल्या होत्या. मेंदूकडे जाणारी शीर फिकट पडली होती. नव्या पेशी लावायला जमीनच उरली नव्हती. चाचणीत घ्यायचा प्रश्न नव्हता.

रुग्णालयाच्या मागे कडुनिंबाखाली एक बाकडं आहे. दादा तिथं बसला होता, वहिनी नळावर डबा धूत होती. मी जाऊन बसले. तो म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. शास्त्रज्ञांच्या सभेत मी अवघड गोष्टी तासभर बोलले आहे. इथं दोनच वाक्यं बोलता आली.

दादा हातातली काठी फिरवत राहिला. मग म्हणाला, "उशीर झाला म्हन की."

"तू अजून थोडं आधी आला असतास तरी आमचंच काम तयार नव्हतं, दादा."

"मी तुला बोल लावायलाव का? नुसतं इचारायलाव." मग तो म्हणाला, "म्हंजे आता ह्या डोळ्यात काईच कामाचं न्हाई?"

मी म्हणाले, "पुढची काच चांगली आहे. बुबुळावरची. एकदम स्वच्छ आहे म्हणाले डॉक्टर."

"ती कुनाला लागती का?"

"लागते. ज्यांची काच खराब होते, फूल पडतं, त्यांना बसवतात. माणूस गेल्यावर."

"मंग ती दे," दादा म्हणाला. "ठेवून काय करू?"

वहिनी डबा पुसत आली होती, तिनं हे ऐकलं. दादाचा हात धरून त्याला उठवलं आणि दोघं गाडीला निघाली. त्या गाडीचे दिवे लांब जाईपर्यंत मी फलाटावर उभी होते. इतकी वर्षं ज्या एका माणसाकडे चालले होते, तो मधूनच उतरून गेल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या वर्षी आमच्या सरांनी मला अश्रुग्रंथींच्या गटात पाठवलं. मला ते मनातून आवडलं नव्हतं. पडदा सोडून पाणी? पण नोकरी होती. वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्यात बदामाएवढी एक ग्रंथी असते. डोळ्याचं पाणी तिथून येतं. एका आजारात शरीराचे राखणदारच, म्हणजे एरवी रोगाशी लढणाऱ्या पेशी, या ग्रंथीवर चाल करून जातात, तोंडातल्या लाळेच्या ग्रंथींवरही. डोळे कोरडे, तोंड कोरडं. आजारी उंदरांच्या ग्रंथींचे काप मी काचेवर बघायचे. जिथं पाणी तयार करणाऱ्या पेशी असायला हव्यात, तिथं राखणदारांची गर्दी झालेली दिसायची.

त्या वर्षी वेळअमावस्येला, आमच्याकडच्या शेतात जेवायच्या सणाला, गावी गेले. शेतात जेवायला बसलो. वहिनी माझ्या समोर होती. भज्जी-भाकरीचा एक घास घेतला की तांब्या तोंडाला लावायची. पुन्हा घास, पुन्हा पाणी. डोळे लाल आणि बारीक केलेले.

"वैनी, डोळ्यांना काय झालं?"

"काई न्हाई वन्स, चुलीचा धूर. वाळू गेल्यागत खुपतंय लय दिसापासून."

"आणि पाणी कशाला पिताय घासागणिक?"

"गिळतच न्हाई पान्याबिगर."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. गावातल्या बायका म्हणत होत्या, नाटकं करती; आंधळ्या नवऱ्याचं करून कंटाळली, आता हिला दुखणं पाहिजे. पाथरीच्या एका दवाखान्यात वय झालं म्हणून परत पाठवलं होतं. मी तिला हैदराबादला घेऊन गेले. तिथं कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून ठेवतात, ती किती भिजते ते बघतात. वहिनीची पट्टी जशी घातली तशीच बाहेर आली.

वहिनीनं ती हातात घेऊन बोटांनी चाचपली. "कोरडीच हाय की," ती म्हणाली. "म्हंजे मी खोटं न्हवते बोलत."

आजार बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो. गोळ्या सुरू झाल्या. आणि डोळ्यांसाठी तिच्याच रक्तापासून थेंब केले. रक्त काढून लाल भाग वेगळा केला की वर फिकट पिवळं पाणी राहतं. आपल्या अश्रूंत जे जे असतं, त्यातलं बरंचसं त्यात असतं. ते बाटल्यांत भरून गारठवून ठेवायचं आणि लागेल तसं वापरायचं. गावात आमच्या घरी फ्रिज नव्हता. किराणा दुकानातल्या आइस्क्रीमच्या पेटीत बाटल्या ठेवल्या. दुकानदारानं वर चिठ्ठी डकवली, 'रुख्मिनकाकूचं रक्त, हात लावू नये.' काही दिवस त्याची आइस्क्रीमं विकली गेली नाहीत म्हणे.

प्रयोगशाळेत आम्ही ग्रंथीच्या पेशी वाढवत होतो. त्या बशीत सपाट पसरत नाहीत, गोळे करून राहतात, आणि एके सकाळी त्या गोळ्यांच्या पोटात पाणी धरलेलं दिसलं. तपासलं तर त्यात अश्रूंतली प्रथिनं होती. वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पेशींला कशाचं दुःख हाय?" मी म्हटलं, दुःख लागत नाही, आपल्या डोळ्यांत पाणी दिवसभर येतच असतं. "आसं व्हय," ती म्हणाली, "येत हुतं तवा कळलं न्हाई."

ते पाणी बशीतच राहिलं. माणसाच्या पापणीपर्यंत अजून पोचलेलं नाही. मी निवृत्त झाले तेव्हा दोन्ही कामं अशी अर्ध्या वाटेवर होती. माझ्या जागी आलेली मुलं हुशार आहेत, ती पुढं नेतील. पण ज्यांच्यासाठी मी रोज सकाळी तो पांढरा कोट घालत होते, ती दोघं गावात होती, आणि त्यांचं वय थांबत नव्हतं.

दादा गेला तो गेल्या उन्हाळ्यात, सकाळी, चहा घेऊन झाल्यावर. छातीत कळ आली म्हणाला आणि बसल्या जागी कलंडला. वहिनीचा मला फोन आला. रडण्याचा आवाज नव्हता. "वन्स, ह्ये गेले. त्ये डोळ्याचं काय करायचं असतंय ते सांगा."

मी सांगितलं, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला. पापण्या मिटा. वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. पंखा बंद करा. परभणीच्या नेत्रपेढीला कळवून मी त्यांच्याच गाडीत बसून निघाले. काही तासांतच डोळे काढावे लागतात, नाहीतर काच निकामी होते.

घरात भावकी जमली होती. आमच्या चुलतभावानं दारातच अडवलं. "मंगल, आसं करू नको. डोळ्याबिगर गेला तर फुडच्या जन्मी आंधळा यील."

पेढीचा माणूस पेटी घेऊन उभा होता. अशा वेळी जवळच्या नात्याचा होकार लागतो, आणि तो वहिनीचा लागणार होता. ती दादाच्या उशाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "भावजी, ह्या जन्मी डोळ्यासकट आले हुते. काय दिसलं त्यांला?"

चुलतभाऊ दाराची चौकट धरून तसाच उभा राहिला.

"त्यांनी देतो म्हनलेत. माझ्यासमोर म्हनलेत. सरका, त्यांला आत यिऊ द्या."

थोड्याच वेळाचं काम असतं. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या नीट मिटून देतात. ते आटोपून गाडी गेली, आणि मग बायका वहिनीभोवती बसल्या. सगळ्या रडत होत्या. वहिनीचा चेहरा पिळवटला होता, खांदे हलत होते, घशातून आवाज निघत होता, पण गाल कोरडे. डोळे लालभडक. एक म्हातारी दुसरीच्या कानात काही म्हणाली. मी उठून दुकानातून बाटली आणली, वहिनीची मान मागं केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालांवर ओघळले. मग तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

दादाच्या काचा दोन माणसांना बसवल्या, एवढं नेत्रपेढीनं कळवलं. कुणाला, ते सांगत नसतात. नियम चांगला आहे, मी स्वतः तरुण डॉक्टरांना तो समजावून सांगितलेला आहे. मागचा पडदा आमच्या जुन्या प्रयोगशाळेकडे गेला. अशा आजाराचा माणसाचा पडदा अभ्यासाला मिळणं दुर्मीळ असतं. तिथल्या मुलीचा फोन आला होता, "मॅडम, काप खूप सुंदर आले आहेत, बघायला या ना." येते म्हणाले. अजून गेलेले नाही. उंदरांचे हजारो काप बघितले, पण हा काचेवर ठेवलेला मला बघवेल असं वाटत नाही. आणि बघितल्यावाचून राहवेल असंही वाटत नाही.

मागच्या महिन्यात वहिनीला घेऊन पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले होते. शनिवार होता, गर्दी होती. दर्शन झाल्यावर वहिनी निघेचना. नारळाच्या दुकानापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती. एकेकाच्या, अगदी निरखून. मला वाटलं, कुणी ओळखीचं येणार आहे.

"कुणाला शोधताय, वैनी?"

"कुनाला न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "वन्स, लगनात ह्यांनी मला कसं बघितलं, ठावं हाय का? तुकड्या-तुकड्यानं. त्या टायमाला नळीएवढंच दिसायचं त्यांला. आधी कपाळ बघितलं, मंग नाक, मंग हनुवटी. मला लय हसू आलं हुतं. म्हनलं, हा मानूस आसा काय बगायलाय, सौदा केल्यावानी. मागून कळलं." तिनं तोंडावरून हात फिरवला. "फुडं तेवढं बी गेलं. आख्खी मी त्यांला एका टायमाला कधी दिसलेच न्हाई."

मी तिचा हात धरला.

"कुनाला बसवलेत ते तुमी सांगू नका. मला नाव नको, गाव नको. पर जवळपासचाच असंल का न्हाई कुनीतरी? त्यानं एकदा माझ्याकडं बघावं. वळख द्यायची गरज न्हाई. नुसतं बघावं आन् जावं."

काच काही बघत नसते. ती फक्त उजेड आत सोडते, बघणारा पडदा वेगळा, तो ज्याचा त्याचा. जन्मभर हेच शिकवलं मी. त्या वेळी त्यातलं काही बोलले नाही.

गर्दीतून एक मध्यम वयाचा माणूस नारळ घेऊन येत होता. जाता जाता त्याची नजर सहज आमच्याकडे गेली. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, चेहरा वर धरला, आणि तो पुढे निघून जाईपर्यंत तशीच उभी राहिली.